पाद्रीबुवांचं प्रेमपुस्तक: उपदेश की टवाळी, अभ्यासक अजून का भांडतायत?

चौदाव्या शतकातला स्पेनमधला एक पाद्री. त्याने सात हजाराच्या आसपास ओळींचं एक पुस्तक लिहिलं, सगळं प्रेमाबद्दल. सुरुवातीला देवाची करुणा भाकली, मग लॅटिन वचनं पेरलेलं रीतसर प्रवचन दिलं की लोकहो वेड्या प्रेमाच्या नादाला लागू नका, देवावरचं प्रेम तेवढं खरं, आणि हे सगळं सांगून झाल्यावर तोच बाबा "मी, मी" करत सांगायला लागतो की मी अमकीच्या मागे लागलो, मग तमकीच्या, मग चक्क मठातल्या एका ननच्या, आणि त्यासाठी मधली म्हातारी कशी गाठायची, तिला खूश कसं ठेवायचं, सगळं तपशीलवार. बरं, एवढं करून बहुतेक वेळा हाती काही लागतच नाही, ती मजा वेगळीच.

स्पॅनिश साहित्य थोडंफार शिकलेल्या कुणालाही हे पुस्तक चुकत नाही. पुस्तक वाचायला मजा येते, पण त्यावरची समीक्षा वाचायला घेतली की डोकं गरगरायला लागतं, कारण एक मोठा अभ्यासक म्हणतो हा धार्मिक उपदेश आहे, दुसरा तितकाच मोठा अभ्यासक म्हणतो ही निव्वळ टवाळी आहे, आणि दोघंही पुरावा म्हणून त्याच ओळी दाखवतात. तर हे भांडण नक्की काय आहे ते सोपं करून बघू.

माणूस कोण, पुस्तक कुठलं

नाव हुआन रुईस. हुद्दा आर्सिप्रेस्ते, म्हणजे आजूबाजूच्या बऱ्याच चर्चवर आणि तिथल्या पाद्र्यांवर देखरेख ठेवणारा थोरला पाद्री. गाव ईता, माद्रिदच्या ईशान्येला ग्वादालाहारा प्रांतात. पुस्तकाला आज 'लिब्रो दे बुएन आमोर' म्हणतात, म्हणजे 'चांगल्या प्रेमाचं पुस्तक'. हे नाव १८९८ मध्ये रामोन मेनेन्देस पिदाल या स्पॅनिश पंडिताने पुस्तकातल्याच शब्दांवरून पक्कं केलं, त्याआधी लोक नुसतं 'आर्सिप्रेस्तेचं पुस्तक' वगैरे म्हणायचे.

हुआन रुईसच्या हातची प्रत आज कुठेच नाही. तीन मोठी हस्तलिखितं आहेत, तिन्ही नंतर दुसऱ्यांनी उतरवून काढलेली, तिन्हीतून पानं गळालेली. एकात पुस्तक पूर्ण झाल्याचं वर्ष १३३० निघतं, दुसऱ्यात १३४३. हे दुसरं म्हणजे सालामांका प्रत, तीच सगळ्यात भरलेली, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फोन्सो दे पारादिनास नावाच्या माणसाने उतरवलेली. ही प्रत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रचना बहुतेक चार ओळींच्या कडव्यांची आणि चारी ओळींना एकच यमक, मधेमधे गाणी. आत काय नाही ते विचारा. पक्ष्याप्राण्यांच्या गोष्टी आहेत, मेरीची स्तोत्रं आहेत, खुद्द प्रेमदेव दोन आमोर (स्पॅनिशमध्ये 'दोन' म्हणजे श्रीयुत, 'दोन्या' म्हणजे श्रीमती) याच्याशी कडाक्याचं भांडण आहे, त्यानेच नंतर दिलेला सल्ला आहे, डोंगरातल्या दांडगट बायका आहेत, मांसाहार आणि उपवास यांचं युद्ध आहे, आणि बुटक्या बायकांची स्तुती आहे. त्या स्तुतीचा शेवट असा की वाईटातलं कमीतकमी घ्यावं असं शहाणे सांगतात, म्हणून बायकांमध्ये सगळ्यात लहान तीच उत्तम. हसावं की रागवावं हे ठरवेपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असतो.

भांडणाचं मूळ

पुस्तकभर दोन शब्द फिरतात, बुएन आमोर म्हणजे चांगलं प्रेम आणि लोको आमोर म्हणजे वेडं प्रेम. सुरुवातीच्या गद्य प्रस्तावनेत हिशोब स्वच्छ आहे. चांगलं ते देवाचं, वेडं ते शरीराचं, आणि पुस्तक लिहिलंय ते वेड्या प्रेमाच्या खोड्या कळाव्यात आणि माणसाने सावध राहावं म्हणून. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण त्याच प्रस्तावनेत थोडं पुढे हा माणूस म्हणतो की पाप करणं हा मनुष्यस्वभावच, तेव्हा मी काही सल्ला देत नाही हं, पण कुणाला वेडं प्रेम करायचंच असेल तर त्याचेही काही मार्ग इथे सापडतील.

म्हणजे तंबाखूच्या पुडीसारखं झालं, वर कॅन्सरचा भयंकर फोटो आणि आत माल. आता फोटो पुडीसाठी आहे की पुडी फोटोसाठी, यावर दोन पार्ट्या पडल्या.

त्यात आणखी गंमत म्हणजे 'चांगलं प्रेम' हा शब्दही जागेवर राहत नाही. प्रेमप्रकरणं जुळवणारी जी म्हातारी आहे, त्रोताकोन्वेन्तोस तिचं टोपणनाव, म्हणजे मठामठांतून लगबग फिरणारी, तिला हा एकदा रागाच्या भरात वाईटसाईट बोलतो तेव्हा ती बजावते की मला असल्या नावांनी हाक मारायची नाही, 'बुएन आमोर' म्हणायचं, मग बघ मी किती इमानाने काम करते. आणि लगेच हा सांगतो की त्या म्हातारीच्या प्रेमाखातर मी पुस्तकालाही तेच नाव दिलं! प्रस्तावनेत देवाचं प्रेम असलेला शब्द नऊशेव्या कडव्यानंतर कुंटणीचं लाडकं नाव झाला. चुकून झालं म्हणावं इतका हा माणूस भोळा नाही.

बोटांची भाषा

समीक्षक सगळ्यात जास्त ज्या गोष्टीवर अडतात ती पुस्तकात अगदी लवकर येते. रोमन लोकांकडे कायदे नव्हते म्हणून त्यांनी ग्रीकांकडे मागितले. ग्रीक म्हणाले, आधी वादविवाद करा, तुमची लायकी कळू दे. रोमनांना ग्रीक येत नव्हतं, म्हणून ठरलं की खाणाखुणांनी वाद करायचा. रोमनांनी गावातला एक मवाली पकडला, त्याला पंडिताचे भारी कपडे घातले आणि उभा केला.

ग्रीक पंडिताने उठून एक बोट दाखवलं आणि शांतपणे बसला. मवाल्याने तीन बोटं दाखवली, अंगठा आणि शेजारची दोन, ती पण आकड्यासारखी वाकवून. पंडिताने उघडा तळहात दाखवला, मवाल्याने मूठ आवळून दाखवली. पंडित म्हणाला, झालं, यांना कायदे देऊन टाका.

ग्रीकांनी विचारलं काय बोलणं झालं, तर पंडित म्हणाला, मी म्हटलं देव एक आहे, तो म्हणाला एकात तिघं आहेत, मी म्हटलं सगळं देवाच्या इच्छेने चालतं, तो म्हणाला जग त्याच्या मुठीत आहे, फार जाणकार माणूस. रोमनांनी मवाल्याला विचारलं तर तो तणतणत म्हणाला, तो म्हणतो एका बोटाने तुझा डोळा फोडीन, मी म्हटलं दोन बोटांनी तुझे दोन्ही डोळे आणि अंगठ्याने दात पाडीन, तो म्हणाला अशी थप्पड देईन की कान वाजतील, मी म्हटलं असा गुद्दा घालीन की जन्मभर विसरणार नाहीस.

ही गोष्ट सांगून हुआन रुईस म्हणतो की माझं पुस्तक नीट समजून घ्या, वाईट शब्द असा नसतोच, तो वाईट समजला जातो. पुढे तर पुस्तकच बोलायला लागतं, की मी सगळ्या वाद्यांचा नातलग आहे, तुम्ही जसं वाजवाल, चांगलं किंवा वाईट, तसा मी बोलेन.

आता बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, ज्याला जे दिसतं ते त्याचं. पण मला तसं वाटत नाही, कारण गोष्टीत एक गोम आहे. मवाल्याचं उत्तर चुकीचं असूनही रोमनांना कायदे मिळाले, म्हणजे गैरसमजातून काम झालं. आणि पंडित तरी बरोबर होता का? समोरच्याच्या डोक्यात एकात तिघं असलेल्या देवाची ट्रिनिटी बिनिटी काही नव्हती. जास्त शिकलेला माणूस साध्या गुद्द्यात धर्मशास्त्र बघतो, हा टोमणा ग्रीकांनाही आहेच, आणि आजच्या प्राध्यापकांनाही लागू व्हायला हरकत नाही.

टवाळीवाल्यांची बाजू

पहिली पार्टी म्हणते की हे पुस्तक हसवायला आहे. मेनेन्देस पिदालने १९२४ मध्ये गावोगाव फिरून गाणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या कलाकारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हुआन रुईसला त्या परंपरेच्या जवळ नेऊन बसवलं, म्हणजे चारचौघांसमोर मोठ्याने म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या, एका गोष्टीतून दुसरीत शिरायचं असं साहित्य.

यांच्याकडे माल भरपूर आहे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, मांसाहाराचा सरदार दोन कार्नाल आणि उपवासाची राणी दोन्या क्वारेस्मा यांचं युद्ध होतं. एकीकडे कोंबड्या, तितर, ससे, दुसरीकडे मासे आणि भाज्या, आणि दोन कार्नालला पहिला घाव कोण घालतं तर पांढऱ्या मानेचा लीक, आपल्या कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ. मागून खारवलेली सार्डिन येऊन लठ्ठ कोंबडीला हाणते. राणी जिंकते पण ईस्टरला पारडं फिरतं, आणि प्रेमदेव गावात येतो तेव्हा त्याच्या स्वागताला पाद्री, साधू, नन सगळे मिरवणुकीने गात निघतात, देवाच्या स्तोत्रात देवाच्या जागी प्रेमाचं नाव घालून.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते एक छोटं वाक्य. ग्वादार्रामाच्या डोंगरात हा का गेला? तर म्हणतो, प्रेषिताची आज्ञाच आहे की सगळं तपासून बघावं, म्हणून मी डोंगर तपासायला गेलो. आता बायबलमध्ये संत पॉलचं ते वाक्य पूर्ण असं आहे की सगळ्याची पारख करा आणि चांगलं तेवढं धरून ठेवा. पठ्ठ्याने अर्धंच सांगितलं. पुढे थंडीत कुडकुडत असताना मालांगोस्तोच्या खिंडीत एक दांडगी बाई रस्ता अडवते, वाटेचा कर मागते, याला खांद्यावर टाकून झोपडीत नेते, खायला घालते आणि मग वसुली करते.

उपदेशवाल्यांचं उत्तर

याच अर्ध्या वाक्यावर दुसरी पार्टी म्हणेल, अरे बाबा, पुस्तकाच्या सुरुवातीकडेच ते वाक्य पूर्ण आलंय! तिथे तो म्हणतो की मीही इतरांसारखाच पापी माणूस, बायकांवर प्रेम केलं, गोष्टी करून बघितल्याने माणूस वाईट ठरत नाही, चांगलं-वाईट दोन्ही कळावं आणि चांगलं ते वापरावं. म्हणजे वाचकाला नियम आधी शिकवला आणि पुढे तो मोडणारा माणूस दाखवला, आता तूच ओळख कुठे अर्धं गाळलंय. आणि बघा ना, म्हणतात ते, प्रत्येक प्रकरणात हा तोंडावरच पडतो. पहिली बाई ऐकत नाही, क्रूस नावाच्या पाववालीला निरोप्यानेच पळवलं, मुसलमान मुलगी अरबीत दोन शब्द बोलून वाटेला लावते, नन दोन्या गारोसा पवित्र प्रेम करते, याच्यासाठी प्रार्थना करते आणि मरून जाते. वेड्या प्रेमाची जाहिरात करायची असती तर एवढं अपयश कुणी दाखवलं असतं का?

या बाजूची सगळ्यात तगडी अभ्यासक म्हणजे अर्जेंटिनाची मारीया रोसा लीदा दे माल्किएल. तिचं म्हणणं थोडक्यात असं की विनोद आहे म्हणून उपदेश खोटा ठरत नाही, मध्ययुगात शिकवणारे लोक हसवूनच शिकवायचे. शिवाय "मी असा फसलो" असं सांगत शिकवायची पद्धत तिने स्पेनमधल्या ज्यू लेखकांच्या हिब्रू कथांशी जोडली, त्यातही बार्सेलोनाच्या योसेफ इब्न सबारा याच्याशी.

तिचा पहिला मुद्दा मला पटतो. पण या पार्टीची एक दुखरी नस आहे. ज्या गद्य प्रवचनावर एवढा इमला उभा आहे ते प्रवचन तीनपैकी फक्त त्या सालामांका प्रतीत आहे. आणि ते प्रवचन खरोखर प्रवचन आहे की प्रवचनाची नक्कल, यावर पण वाद आहेच!

हे सगळं आलं कुठून, अरबांकडून की लॅटिनमधून?

हा वाद साहित्याचा कमी आणि स्पेन म्हणजे काय याचा जास्त आहे, म्हणून लवकर उरकतो. १९३८ मध्ये फेलिक्स लकुआ या फ्रेंच अभ्यासकाने एकेका भागाचं मूळ शोधून दाखवलं की बहुतेक साहित्य पाद्र्यांच्या लॅटिन शिक्षणातलं आहे, इसापाच्या गोष्टी, प्रेमावर लिहिणारा रोमन कवी ओव्हिड, बाराव्या शतकातलं पाम्फिलस नावाचं लॅटिन नाटक. मग १९४८ मध्ये आमेरिको कास्त्रो हा स्पॅनिश अभ्यासक आला आणि म्हणाला की शरीर आणि देव इतक्या सहज शेजारी बसवणं हे ख्रिस्ती युरोपचं नाहीच, हे दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या मुसलमान संस्कृतीतून आलंय, आणि त्याने अकराव्या शतकातल्या कोर्दोबाच्या इब्न हझमचा प्रेमावरचा ग्रंथ पुढे केला. १९५६ मध्ये क्लाउदियो सांचेस-आल्बोर्नोस या इतिहासकाराने कास्त्रोच्या एकूण मांडणीवरच तुटून पडणारं पुस्तक काढलं. आज गोष्टींच्या उगमाबाबत लकुआ जड वाटतो, पण हुआन रुईस अरबी शब्द वापरतो, कोणती वाद्यं अरबी गाण्याला चालत नाहीत ते सांगतो, म्हणजे शेजारी त्याला ऐकू येत होते एवढं नक्की.

"मी" म्हणतो म्हणजे त्याचंच आयुष्य ना?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोन्या एन्द्रिनाचं प्रकरण घ्या, पुस्तकातलं सगळ्यात लांब. ती तरुण विधवा. चौकातून चालत येते तेव्हा याचं भान सुटतं, काय तो डौल, काय ती बगळ्यासारखी उंच मान. सुरुवातीला "मी" आहे, मग हळूच नायक दोन मेलोन होतो, म्हणजे चक्क खरबुजाचं नाव, एन्द्रिना हे पण रानातल्या आंबट आलुबुखाऱ्याचं नाव. शेवटी दोघांचं लग्न लागतं, आणि मग पाद्रीबुवा कानावर हात ठेवतात की ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली, माझ्यावर आली म्हणून नव्हे. येईल कशी, ती त्या पाम्फिलस नाटकावरून घेतलेली आहे आणि पाद्र्याला लग्न करता येत नाही.

लिओ स्पिट्झर या अभ्यासकाने १९४६ मध्ये याचा छान उलगडा केला. मध्ययुगातला लेखक "मी" म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा 'कुठलाही माणूस' या अर्थाने म्हणतो, आपण आज आत्मचरित्रात शोधतो तो माणूस तिथे नसतो. मग हुआन रुईस नावाचा माणूस तरी खरा होता का? १९८४ मध्ये फ्रान्सिस्को हेर्नान्देस याने १३३० च्या सुमाराचा एक कागद पुढे आणला, त्यात साक्षीदारांमध्ये ईताचा आर्सिप्रेस्ते हुआन रोद्रीगेस अशा अर्थाचं लॅटिन नाव आहे, आणि रुईस हे रोद्रीगेसचंच छोटं रूप. म्हणजे माणूस बहुधा खरा. प्रकरणं खरी, असं त्यावरून काही निघत नाही.

प्रत्येक वाचकाने आपलं काहीतरी लिहिलं तर?

१९९४ मध्ये जॉन डेजेने या अमेरिकन अभ्यासकाने सगळ्यांना वेगळीकडे बघायला लावलं. तो म्हणाला तुम्ही सगळे 'लेखकाला काय म्हणायचंय' हे शोधताय, पण त्या काळी पुस्तक म्हणजे एकेक हाताने लिहिलेली प्रत होती, वाचणारे समासात टिपा लिहायचे, म्हणी वेगळ्या काढायचे, नको ते गाळायचे, मग उतरवणारा त्यात आपलं घालायचा. सालामांका प्रतीतली भागांची शीर्षकंच घ्या, ती हुआन रुईसची की पारादिनासची? बहुतेक लोक पारादिनासची मानतात. म्हणजे कुठला भाग कशाबद्दल आहे हे आपल्याला एका वाचकानेच सांगून ठेवलंय.

आणि लेखकाने परवानगी दिलेलीच आहे. शेवटाकडे तो म्हणतो की ज्याला चांगली कविता करता येते त्याने यात भर घालावी, दुरुस्ती करावी, पुस्तक हातोहात फिरू दे, बायका चेंडू खेळतात तसं, ज्याला झेलता येईल त्याने झेलावं.

यावर हमखास येणारी शंका अशी की मग कोणताही अर्थ काढला तरी चालतो का? नाही चालत. कडव्याची रचना, आधीच्या पुस्तकातून काय उचललं आणि काय बदललं, कुठलं वाक्य अर्धं तोडलं, हे तपासता येतं. मवाली गुद्द्याबद्दल बोलत होता हे आपल्याला कळतं कारण त्याने स्वतः सांगितलं. वाचकावर जबाबदारी टाकणं वेगळं आणि वाचकाला मोकाट सोडणं वेगळं.

बाईचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि जुन्या समीक्षेत त्याला फार कमी जागा होती. एन्द्रिनाला त्रोताकोन्वेन्तोस गोड बोलून, सफरचंदं आणि सुकामेवा खायला ये म्हणून आपल्या घरी बोलावते. मेलोन दारावर धडका देतो. म्हातारी ओळखीचाच आहे म्हणत त्याला आत घेते आणि स्वतः निघून जाते. नेमकी पुढची पानं हस्तलिखितांमधून गायब आहेत. गोष्ट पुन्हा सुरू होते तेव्हा म्हातारी एन्द्रिनाला सुनावत असते, की मी बाहेर गेले तेव्हा तुला जाळं दिसत होतं ना, मग त्याच्याबरोबर चार भिंतींत एकटी थांबलीसच कशाला, मला बोल लावू नकोस पोरी, आणि आता उपाय एकच, झालं ते गप्प गिळायचं.

ही वाक्यं आजही कुणाच्या ना कुणाच्या घरात ऐकू येतात, त्यासाठी चौदाव्या शतकात जायची गरज नाही. प्रश्न असा की हुआन रुईस कुणाच्या बाजूने आहे? लग्न लागताच तो बायकांकडे वळतो, बायांनो कान उघडे ठेवा म्हणतो आणि एक गोष्ट सांगतो. ती ओळखीची वाटेल. सिंह आजारातून उठला म्हणून सगळे प्राणी जमतात, गाढव ढोल बडवत इतकं भेसूर ओरडतं की सिंह चिडून त्याला सोलायला निघतो, गाढव पळतं. कोल्हा त्याला समजावून परत आणतो आणि सिंह त्याला मारतो. राखणीला ठेवलेला लांडगा काळीज आणि कान खाऊन टाकतो. सिंह विचारतो कुठे गेले, तर लांडगा म्हणतो, महाराज, हे जन्मलंच तसं, कान आणि काळीज असतं तर एकदा निसटल्यावर परत आलं असतं का?

हे आपलं पंचतंत्रातलं लंबकर्ण गाढव. तिथे ढोल नाही आणि काळीज-कान कोल्हाच खातो, पण शेवटचं उत्तर तेच. पंचतंत्र पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत गेलं, तिथून आठव्या शतकात अरबीत, आणि १२५१ मध्ये थेट स्पेनमधल्या कास्तिया राज्याच्या भाषेत उतरलं, पुस्तक कलिला आणि दिम्ना. गोष्टी इतरही वाटांनी फिरत होत्या, त्यामुळे हुआन रुईसच्या हातात ती नेमकी कुठून आली ते बाजूला ठेवू. मुद्दा असा की त्याने ती एन्द्रिनाच्या पाठोपाठ बायकांना सांगितली. काही जण म्हणतात बघा, तो बायकांना सावध करतोय, किती पुढचा विचार. मला ते अर्धंच पटतं. सावध करतोय हे खरं, पण गोष्टीत दोष शेवटी गाढवाच्या गळ्यात पडतो, आणि हा निकाल देणारा लांडगा स्वतः कान खाऊन बसलाय. हुआन रुईसने हे मुद्दाम दाखवलं असेल तर तो फार हुशार, नसेल तर तो त्या म्हातारीच्याच सुरात बोलतोय. मी हुशारीकडे झुकते, पण पैज लावणार नाही.

हसता हसता मधेच

टवाळी की उपदेश या चौकटीत न बसणारी एक जागा आहे, त्रोताकोन्वेन्तोसचं मरण. तिचं खरं नाव उर्राका. ती गेल्यावर हा मृत्यूला समोर उभं करून शिव्याशाप देतो, की मरणा, तूच मर, माझी म्हातारी नेलीस, तिच्याआधी मला न्यायचं होतंस. मग पानंच्या पानं मृत्यूवर, श्रीमंत-गरीब कुणाला सोडत नाहीस, तुझी आठवण सुद्धा कुणाला नको असते, शरीर सडतं, नातेवाईक पैशांवर डोळा ठेवून असतात, थेट ख्रिस्ताच्या मरणापर्यंत. वाचताना हसू पार मावळतं. आणि मग म्हणतो, तू नक्कीच स्वर्गात असशील, हुतात्म्यांच्या रांगेत बसली असशील, देवासाठी जगात किती हाल सोसलेस. कुंटणीला हुतात्मा केलं! दुःख खरं आणि थट्टा पण खरी, एकाच कडव्यात, आणि इथे दोन्ही पार्ट्यांची हत्यारं बोथट होतात असं मला वाटतं. पुस्तकातलं सगळ्यात खरं प्रेम त्या म्हातारीवरचंच निघालं की काय असा संशय येतो.

मग तो जेलमध्ये होता म्हणतात ते?

सालामांका प्रतीच्या शेवटी लिहिलंय की हे पुस्तक आर्सिप्रेस्तेने तोलेदोचा आर्चबिशप दोन गिल याच्या हुकमाने कैदेत असताना रचलं. हा गिल दे आल्बोर्नोस, १३३८ ते १३५० आर्चबिशप. सुरुवातीच्या प्रार्थनेतही तो देवाला तुरुंगातून सोडवायची विनवणी करतो. झालं, लोकांनी चित्र रंगवलं की चावट पाद्र्याला साहेबाने आत टाकलं. पण पाप हाच तुरुंग अशा बोलण्याची धार्मिक साहित्यात जुनी सवय आहे, आणि लीदासकट बऱ्याच जणांनी तो तुरुंग तसाच वाचला. पारादिनासने प्रार्थना शब्दशः घेतली असणं सहज शक्य आहे, तोही एक वाचकच.

आर्चबिशपशी याचं काही वाकडं होतं असं मानणाऱ्यांचा खरा आधार म्हणजे त्याच प्रतीत शेवटी जोडलेलं तालाबेरा गावच्या पाद्र्यांचं गाणं. आर्चबिशपचं पत्र येतं की पोपचा हुकूम आहे, पाद्र्यांनी घरात बाई ठेवायची नाही. त्या काळी कास्तियात हे सर्रास चालायचं आणि चर्चच्या सभांना त्यावर पुन्हा पुन्हा नियम करावे लागायचे. पत्र वाचल्यावर सगळे हवालदिल होतात. डीन, म्हणजे तिथल्या पाद्र्यांचा प्रमुख, म्हणतो पोपच्या हुकमावर राजाकडे अपील करू, माझं उत्पन्न गेलं तरी चालेल पण माझी ओराबुएना सोडणार नाही. खजिनदाराला त्याच्या तेरेसाची काळजी. तिसरा तर शांतपणे कायदाच मांडतो, की माझ्या घरी एक मोलकरीण आहे, ती माझ्या नात्यातली नाही, अनाथ होती म्हणून मी वाढवली, आणि अनाथांना सांभाळणं हे तर पुण्याचं काम आहे, विधवांना सांभाळणं पण, आणि ते बंद करायचं असेल तर मग आम्ही वाईट बायकांकडे जायचं का?

धर्माचं वाक्य आपल्या सोयीने वापरायची ही कसरत पुस्तकातल्या पाद्रीबुवांसारखीच आहे, म्हणून बरेच जण गाणं हुआन रुईसचंच धरतात. उलट बाजू म्हणते की अशा अर्थाची लॅटिन कविता आधीपासून फिरत होती आणि हे गाणं फक्त पारादिनासच्या प्रतीत सापडतं, तेव्हा ते कुणीही मागून चिकटवलेलं असू शकतं. तालाबेराच्या पाद्र्यांनी मात्र अपील केलं, आणि पुढे लांबण नको म्हणून गाणं तिथेच आवरतं घेतलंय.